गावाबाहेर न जाणारा रस्ता

दूधविनायक, काशी
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुश्रुत,

मामा-मामींना माझा आणि बाबांचा नमस्कार सांग. मागच्या वेळी सांगायला विसरलास, हे मामींनीच मला कळवलंय. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडायला लागली, बाबांचा खोकला नेमाने हजर झाला, आणि गल्लीतल्या गाईने यंदाही आमचंच दार पसंत केलंय. घराबाहेर पडायचं तर आधी तिची मनधरणी करावी लागते.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग ओशाळले. म्हणजे दसऱ्यापासून दर रविवारी तुम्ही खेळात मी काढून दिलेल्या शिलावर्त शहरातच फिरताय? यज्ञेश्वरचा बुटका योद्धा आणि हिमानीची चेटकीण शहराबाहेर पडायला म्हणून रस्ता धरतात, दिवसभर चालतात, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच घाटावर येऊन उभे. आणि तू खेळ चालवणारा, ताठ्यात सांगणार, 'नकाशात नाही तो रस्ता मी देणार नाही.' तुमच्या खेळाचे नियम अमेरिकेतून आलेत खरे, पण हा हट्ट अस्सल सदाशिव पेठी आहे.

चूक माझीच. कशी झाली ते ऐक. दशाश्वमेधावर यात्रेकरूंसाठी काशीचे नकाशे विकायला असतात, थाळीसारखे वाटोळे. लहानपणापासून मी तेच बघत आले. मधे विश्वेश्वर, एका अंगाने गंगा, आणि कडेने पंचक्रोशीचा रस्ता, जो मणिकर्णिकेवरून निघतो आणि सगळी काशी फिरून मणिकर्णिकेलाच येतो. काशीबाहेर जाणारा रस्ता त्यात कोणी दाखवत नाही. कशाला दाखवतील? इथे माणसं येतात ती परत न जाण्यासाठी. शिलावर्त काढताना माझा हात आपोआप त्याच वळणाने गेला. वेशी काढल्या, बुरूज काढले, राक्षसांची दलदल काढली, दलदलीत बगळेसुद्धा काढले, आणि रस्ता मात्र फिरून जागेवर. पुण्यात कोणाच्या हातून हे झालं नसतं.

खालच्या शरदिनीकाकूंनी परवा तो नकाशा पाहिला. म्हणाल्या, "नक्शा तर छान बनवलास गं, पण हे शहर कुठलं?" मी म्हटलं, कुठलंच नाही. चार जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणत्या दारातून जायचं ते नकाशा बघून ठरवतात, आणि जमलं की नाही ते फासा टाकून. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आणि ह्यासाठी तुला पुण्याला बोलावतायत?"

तर त्याबद्दल. यज्ञेश्वरच्या छापखान्याला परदेशातल्या खेळांचे नकाशे छापायचं काम मिळालं आणि ते काढायला त्याला मीच हवी आहे, हे वाचून मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही. बाबांच्या रेल्वेतल्या ड्राफ्ट्समनकीची पेनं हातात धरून मी वाढले, पण नसलेली गावं काढण्यासाठी कोणी नोकरी देईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. आई आज असायला हवी होती. येते असं मात्र लगेच म्हणत नाही. मामा लिहितात, बाबांनाही घेऊन ये, दोन खोल्यांची जागा बघतो. ते सध्या जमेलसं वाटत नाही. इकडे गेल्या आठवड्यात घरात एक छोटंसं धार्मिक कार्य झालं, त्या गडबडीत काही बोलणं झालेलं नाही. शिकवणीच्या मुलींच्या चित्रकलेच्या परीक्षाही आहेत. बघू.

रस्ता दुरुस्त करून नवा नकाशा पाठवतेच. तोवर बुटक्याला म्हणावं, दम खा.

तुझी,
नीरजा

◆

दूधविनायक, काशी
१० जानेवारी १९९७

प्रिय सुश्रुत,

सोबत तिळगूळ आहे. पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला तर पोस्टाला बोल, मला नको. बाकी गोड बोलायचा सण असला तरी हे पत्र तसं नाही, तेव्हा आधी तिळगूळ खा आणि मग पुढे वाच.

तू लिहिलंस, 'संक्रांतीपर्यंत सरळ सांग, येतेस की नाही. यज्ञेश्वरला आता थांबता येत नाही.' सरळ सांगते. येत नाही. माझी वाट बघू नका.

मागे मी छोटंसं धार्मिक कार्य म्हणून लिहिलं होतं. ते छोटं नव्हतं. बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. तुला ठाऊक नसेल, मामांना असेल. म्हणजे घरदार सोडायचं नाही, भगवी घालायची नाही, फक्त मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. पंचक्रोशीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, लग्नाला नाही, मयताला नाही, औषधपाण्यालासुद्धा नाही. एकदा घेतला की सोडता येत नाही. सोडला तर घेतल्याचं पुण्य जातं आणि वर पाप लागतं, असं वेणीमाधव गुरुजी सांगतात.

मी बाजारातून मटार घेऊन आले, तर बाबा ओलेत्याने देवापुढे बसलेले आणि गुरुजी पंचांग गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "बेटी, तुझे बाबा आता काशीचे झाले." मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी वाकून नमस्कारही केला, सुश्रुत. मटारची पिशवी हातात तशीच होती.

बाबांनी आधी मला एका शब्दाने विचारलं नाही. नंतरही त्यावर बोलले नाहीत. जेवायला बसले, उसळीत मीठ कमी आहे म्हणाले. ज्या माणसाने रेल्वेच्या पासावर मला द्वारकेपासून रामेश्वरापर्यंत फिरवलं, खिडकीशी बसवून प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचायला लावलं, तो माणूस आता राजघाटाच्या पुलापलीकडे जाणार नाही. नसेना का जात. पण मग त्यांचं जेवणखाण, खोकला, रात्रीचं उठणंबसणं कोणी बघायचं? त्यांना दुसरं कोण आहे? हद्द त्यांनी स्वतःला घातली आणि आत मी सापडले. मी चिडले आहे. सगळ्या गल्लीत त्यांचं कौतुक चाललंय, बायका येऊन त्यांच्या पाया पडतात, मी त्यांना चहा करून देते आणि आतून चिडलेली असते.

यापुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. मी इथून सुटणार कधी, याचा हिशोब मनात आला की तो एकाच ठिकाणी जाऊन थांबतो. बाबा गेले की. बस, लिहून टाकलं. काशीत लोक स्वतःच्या मरणाची वाट बघत राहतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. मी दुसऱ्याच्या मरणाची वाट बघायला लागले आहे, आणि तेही माझ्या बाबांच्या. परवा त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. मी पाणी घेऊन धावले, पाठ चोळली. पण धावायच्या आधी एक क्षण मी जागेवर उभी होते. तो क्षण मला रोज आठवतो.

शिलावर्ताचं म्हणशील, तर दुरुस्ती करायला बसले होते. ट्रेसिंग पेपर लावला, पेनात शाई भरली. उत्तरेच्या वेशीतून एक रेघ बाहेर काढायची, काम तेवढंच. काढली नाही. म्हटलं, राहू देत आत. यज्ञेश्वर वैतागला असेल तर वैतागू दे. रविवारचे दोन तास अडकून माणसाने इतकं चिडायचं कारण नाही.

हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण खोडत नाही.

बाबांना मी नकार कळवल्याचं सांगितलेलं नाही, आणि त्यांनी विचारलेलंही नाही. मामांना एवढंच सांग की नीरजाला इथेच बरं वाटतं.

तुझी,
नीरजा

◆

दूधविनायक, काशी
२१ फेब्रुवारी १९९७

प्रिय सुश्रुत,

माझ्या जागी नागपूरच्या मुलीला घेतलंत, चांगलं झालं. हे मी दात-ओठ खात लिहीत नाहीये, किंवा थोडेसेच खाते आहे. तिने माझ्या शिलावर्ताला पश्चिमेकडून घाटरस्ता जोडून दिला आणि तुमची मंडळी एका बैठकीत समुद्रापर्यंत पोचली, हे वाचलं. हिमानीने जहाज घेतलं म्हणे. घेऊ दे. बगळे तरी तिने तसेच ठेवलेत ना?

पत्र घाईत लिहिते आहे, आणि नीट लिहायला हवं. म्हणून जसं झालं तसंच सांगते.

परवा दुपारी बाबा कँट स्टेशनावरून आले. धाप लागली होती, पण चेहरा खुललेला. कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. महानगरी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन, माझ्या एकटीच्या नावाचं, रेल्वेच्या पासावर. पुढच्याच आठवड्याचं.

"आता आणखी किती दिवस गप्प बसणार होतीस?" म्हणाले. "मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. तुला संकोच वाटतो, ते मला समजतं. म्हटलं, आपणच इंतजाम करावा."

मी म्हटलं, "बाबा, मी कशी जाणार? तुम्हाला इथे टाकून?"

तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी भलत्याच भाषेत बोलले.

"अगं, मग हे सगळं मी कशासाठी केलं?"

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या सुमाराला मामांचं पत्र त्यांनाही आलं होतं, नीरजाला चांगलं काम आहे, तुम्हीही या म्हणून. "तू मला सोडून गेली नसतीस, आणि मला घेऊन गेली असतीस तर तुझं कठीण होतं," म्हणाले. "नवी नोकरी, दोन खोल्या, त्यात माझा खोकला. मी नाही म्हणालो असतो तरी तू ऐकलं नसतंस, तुझ्या आईवर गेलीयस. तर म्हटलं, आपल्याला इथून हलताच येणार नाही असं करावं. मग तुझ्या मामालाही काही बोलायला जागा नाही, आणि तू मोकळी. संन्याशाची फिकीर कोण करतं? त्याची काशी करते."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेऊ दिला असतास?"

नसता घेऊ दिला.

त्यांनी सगळंच करून ठेवलंय, सुश्रुत. दुपारचं जेवण अन्नक्षेत्रात, तिथल्या लोकांशी बोलणं झालंय. संध्याकाळी शरदिनीकाकू ताट पाठवणार. रात्री सोबतीला वेणीमाधव गुरुजींचा पुतण्या येऊन झोपणार. माझ्या शिकवणीच्या मुलींच्या घरी जाऊन त्यांनी स्वतः सांगून टाकलं, नीरजा पुण्याला चालली, तुम्ही दुसरीकडे बघा. आणि त्यांची ती जुनी जर्मन पेनं, जी ते मलासुद्धा मागितल्याशिवाय देत नव्हते, ती एकेक उघडून, कोमट पाण्यात धुऊन, पुसून डब्यात भरून ठेवलीत. म्हणाले, "कामावर जाताना आपली औजारं आपली असावीत. दुसऱ्याच्या पेनाने रेघ सरळ येत नाही."

मी तोंड उघडलं होतं. बाबा, ते काम गेलं, मीच नको म्हणून लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणू शकले. तू असतास तर तूही म्हणाला नसतास. मी हे सांगितलं तर ते जन्मभरासाठी इथे अडकले ते कशासाठी, याला काही उत्तरच उरत नाही. आणि आता त्यांना ते सोडताही येत नाही. मी तीन महिने त्यांच्यावर धुमसत होते, त्यांच्या मरणाचा हिशोब करत होते, आणि ते माझ्यासाठी देवापुढे ओलेते बसले होते. आम्ही दोघं एका घरात राहतो, एकाच ताटातली कोशिंबीर वाढून घेतो, आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. आमच्या घरात याला समजूतदारपणा म्हणतात.

तेव्हा मी निघते आहे. जायला ठिकाण होतं तेव्हा जाता आलं नाही. आता ठिकाण नाही आणि राहायची सोयही नाही. मला भीती वाटते आहे, ते मोकळेपणी सांगते. काम शोध. छापखान्यात मुद्रितं तपासायचं, शाळेत फळ्यावर फुलं काढायचं, काहीही. नागपूरच्या त्या मुलीला माझ्यामुळे उठवू नका, तिचा काही दोष नाही.

बाबांना मी ऑफिसचा पत्ता म्हणून यज्ञेश्वरच्या छापखान्याचा पत्ता दिला आहे. त्यांची पत्रं तिथे येतील. त्याला म्हणावं, परत पाठवू नकोस, ठेवून घे, मी येऊन नेत जाईन. आणि बाबांनी तुला किंवा मामांना लिहून विचारलं, नीरजा कामात रमली का, कोणकोणती गावं काढते, तर काढते म्हणा. गावांची नावं मी तुम्हाला सांगून ठेवीन.

ते मला पोचवायला कँटपर्यंत येणार आहेत. स्टेशन हद्दीच्या आत आहे, हे त्यांनी गुरुजींना विचारून घेतलंय. गाडी प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत मला हसत बोलावं लागेल, त्याची तयारी मी आत्तापासून करते आहे.

या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा मी निघालेली असेन, आणि बाबा ते उघडून वाचतील.

तुझी,
मोकळी केलेली,
नीरजा