हरणाचा निम्मा खांदा

१९ एप्रिल, रविवार

यासुहारूसान यांस,

नमस्कार. सेंदाईला लेकीकडे सुखरूप असाल, नातवंडांत रमला असाल. तिकडे चेरी गळायलाही लागली असेल. इथे अंगणात अजून मळका बर्फ आहे. तुमच्या छपरावरचा बर्फ माणसं लावून उतरवून घेतला. घराची काळजी नसावी.

मी बरी आहे. जेवते, झोपते. बायका विचारतात, "फुसाएसान, रडलात का?" औषध घेतलंत का, असं विचारावं तसं. नाही रडले. आत काही हलतच नाही.

ह्यांचा एकोणपन्नासावा दिवस, आत्म्याच्या निरोपाचा, पार पडला. सगळं ताकुरोभावजींनीच केलं. त्यांच्यावर राग धरू नका. अंत्यविधीला ते सगळ्यांदेखत तुम्हाला बोलले, "तुमच्या तांब्याच्या गोळीनं माझा दादा खाल्ला! गोळी आरपार गेली, हरीण पळालं, दादा मागोमाग तळ्याच्या पातळ बर्फावर गेला आणि बुडाला. शिसं असतं तर जनावर जागेवर पडलं असतं. आता ज्यांच्यासाठी शिसं सोडायला लावलंत, त्या तुमच्या गरुडांना सांगा, आणा म्हणावं त्याला वर!" तुम्ही कपाळ जमिनीला टेकवलंत. "माझंच चुकलं," म्हणालात आणि गाव सोडलंत. मी बाजूला बसून फुलं नीट करत होते.

काल सभागृहात सभा झाली. आपल्या बेटावर शिशाच्या गोळीला बंदी होऊन किती वर्षं झाली, पण आता सगळ्या देशात करायची म्हणून तोक्योहून एक साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला आले होते. खुर्च्या पुरल्या नाहीत. म्हातारे हिरोताकेसान उठून म्हणाले, "साहेब, तांब्याची गोळी म्हणजे पाहुणा. या दारानं येतो, त्या दारानं जातो, चहासुद्धा घेत नाही!" सगळे हसले. गुरांची डॉक्टरीणबाई म्हणाली, "आणि शिसं म्हणजे घरजावई. एकदा आलं की हाडात मुक्काम!" तेव्हाही हसले. मग तिनं सांगितलं, की शिकाऱ्यांनी बर्फात टाकलेली, शिशाचे कण असलेली आतडी खाऊन आलेला गरुड परवा तिच्या हातात गेला. मान धरवत नव्हती त्याला. यावर कुणी हसलं नाही, पण ऐकलंही नाही. तुम्ही नव्हता ना. बंदी असूनही चोरून शिसं वापरणाऱ्या शिकारी मंडळाला तांब्यावर आणायला तुम्ही घरोघर फिरला होता आणि तुमच्या बाजूनं पहिली शपथ ह्यांनी घेतली होती.

मला भावजींनी पुढच्या रांगेत बसवलं होतं. "वहिनी, तुम्ही बोलायचं काही नाही. दादाचा फोटो मांडीवर घेऊन नुसतं बसा. बाकीचं फोटो बोलेल."

मी बसले.

आता एक सांगते. ते हरीण त्याच दिवशी पलीकडच्या काठावर मेलेलं तुम्हालाच सापडलं. मारणाऱ्याचा वाटा त्याच्या घरी पोचलाच पाहिजे, हा तुम्हा दोघांचा जुना नेम. तुम्ही ते स्वतः सोलून, कापून, कागदात बांधून सेंदाईला जायच्या आधी माझ्या दारात ठेवलंत. ते मी गोठवून ठेवलं होतं. एकोणपन्नासावा झाल्यावर खांद्याचा तुकडा काढला, मिसो आणि आलं घालून शिजवला. एकटीच जेवत होते. दाताखाली काहीतरी आलं.

तांबं आलं तर दात जातो. हे दबलं. धुऊन पाहिलं तर करडं, मसुराएवढं. त्यावर माझ्या दाताची खूण उमटली होती.

म्हणजे शपथ घेऊनही हे जुनी शिशाची काडतुसंच वापरत होते. डोळे अधू झाले होते, नेम जरा चुकला तरी शिशानं जनावर पडतं असं त्यांना वाटत असावं. ते पडलं नाही. शिशाची गोळी खाऊनही हरीण पळालंच.

मला ह्यांचा रागसुद्धा आला नाही. मी खांद्याचा तुकडा पुन्हा पाहिला. निम्माच होता. तुम्ही तर हाडाला चिकटलेलं मांस वाया न घालवणारे! तांबं फुटत नाही, त्याच्यासाठी एवढं कापावं लागत नाही. शिसं फुटून लांबवर पसरतं. तुम्ही सगळं खरवडून काढलंत, एकच कण नजरेतून सुटला.

म्हणजे अंत्यविधीला कपाळ टेकवलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मित्राची अब्रू राखायला तुम्ही तुमच्या गरुडांची बाजूसुद्धा सोडून दिलीत.

काल साहेबांनी विचारलं, "बाईंना काही सांगायचंय?" भावजी म्हणाले, "नाही, नाही." मी उभी राहिले. म्हटलं, "ती गोळी शिशाची होती. यासुहारूसानांची काही चूक नाही. माझा नवरा खोटं बोलला होता."

भावजींनी माझ्या हातातला फोटो काढून घेतला, पालथा धरला आणि बाहेर गेले. अजून परत दिलेला नाही. आज सकाळी रिकाम्या देव्हाऱ्यापुढेच उदबत्ती लावली.

तुम्ही झाकलेलं मी चारचौघांत उघडं केलं. तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे. मेलेल्या माणसाचं खोटं जिवंत माणसानं किती दिवस पाठीवर वाहायचं?

परत या. मला काहीच वाटत नाही, याचीच आता भीती वाटते. ह्यांना मनसोक्त शिव्या देईल असं माणूस तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही दिल्यात, तर मला रडता येईल.

तुमच्या मित्राची बायको,
फुसाए