कुरकुर करणाऱ्यानं प्रार्थना करायची

प्रिय अक्का,

सविनय तक्रार अशी, की आपल्या चर्चच्या मंडळीसाठी रविवारच्या उपासनेचा कागद छापणारा अलीकडे शाईत पाणी घालतो. अक्षरं फिकट, ओळी एकमेकींत शिरलेल्या. चार रविवार मी सोसलं. पाचव्या रविवारी सेक्रेटरींना गाठलं आणि ज्या सुरात नववीच्या वर्गाला विसर्गाचे उच्चार शिकवतो, त्याच सुरात सुनावलं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. वर म्हणाले, "सर, डोळं दाखवा की एकदा."

दाखवले. कळंब्याच्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो होतो. साखरेनं डाव्या डोळ्याचा पडदा खराब झालाय म्हणाले, तुझा झाला होता तसाच. उजव्यातही सुरुवात आहे. आठ दिवस झाले, सुनीताला सांगितलेलं नाही. म्हणून तुला लिहितोय. तू जाऊन वर्ष झालं, तेव्हा बायकोकडे चुगली होण्याची भीती नाही.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा आणि तू अठरा. नर्सिंग शिकता शिकता घर हाती घेतलंस आणि पहिल्याच आठवड्यात कायदा केलास. एरवी जेवणाची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची. पण ताटाकडे बघून जो कुरकुर करेल, त्यानं एकट्यानं करायची, आणि ज्याची कुरकुर केली त्याच गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे! पप्पांनाही सूट नव्हती. "आज पण वांगंच?" एवढं बोलल्याबद्दल त्या धिप्पाड एसटी ड्रायव्हरनं हात जोडून वांग्यासाठी परमेश्वराचे उपकार मानलेले मी पाहिले आहेत.

आठवीत नुकतं संस्कृत लागलं होतं. शिष्टपणा म्हणून मी गवारीबद्दलचे आभार संस्कृतातून मानले. तू डोळे न उघडताच म्हणालीस, "देवाला कळलं असंल, मला न्हाई कळलं. परत म्हण."

आणि त्याच संस्कृतासाठी पुढे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी तूच वाद घातलास ना? ख्रिस्ती पोराला हे कशाला, असं ते विचारत होते. मी एम.ए. झालो तेव्हा तर तू वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगितलंस म्हणे. ज्यांना सलाईन लावलं होतं त्यांना पळताही आलं नाही.

एक राग मात्र आहे. तुझी नजर जात होती ते तू सहा महिने आमच्यापासून लपवलंस. तांदूळ बोटांनी निवडायचीस आणि आम्हाला वाटायचं, किती सराईत आहे अक्का! मग एका रविवारी जेवायला बसल्यावर तू म्हणालीस, "आज प्रार्थना मी करते."

साऱ्या आयुष्यात तू हे कधी म्हणाली नव्हतीस. आणि मी काय बोललो, आठवतं? "का, मीठ कमी पडलं काय?" सगळे हसले. तूही हसलीस. मग हात जोडलेस. "प्रभू, हे डोळं साठ वर्सं चाललं. लई बघितलं. तुझं उपकार. आमेन." आणि कुणी काही बोलायच्या आत, "सुनीता, भात वाढ."

ते मिठाचं वाक्य मला अजून परत घ्यायचंय.

पुढची चार वर्षं तू कुरकुर केलीस ती रेडिओच्या खरखरीबद्दल आणि माझ्या ढेरीबद्दल. डोळ्यांबद्दल शब्द काढला नाहीस. शेजारची मुलगी नर्सिंगला लागली तेव्हा तिला पट्टी बांधायला तूच शिकवलंस, नुसत्या हाताच्या अंदाजानं. "सैल हाय," म्हणायचीस, आणि ती सैलच असायची! उपासनेला तुझा हात धरून नेताना लोकांना वाटायचं, मी तुला सांभाळतोय. मी आपला मान ताठ करून चालायचो. असा हात कुणाच्या हातात असतो गं?

आणि आता माझं बघ. कृतज्ञतेचे शब्द तीस वर्षं मुलांना शिकवतोय, सगळी रूपं तोंडपाठ आहेत. पण गेले आठ दिवस ताटावर सगळ्यांबरोबर ओठ हलवतो आणि आत एकच चालू असतं: मलाच का? तू साठ वर्षांचा हिशेब एका ओळीत मिटवलास. मला पंचावन्न वर्षं बघायला मिळालं, तर मी उरलेल्यासाठी भांडतोय.

खरं सांगू अक्का? नजर गेली आणि पुस्तकं सुटली, तर मी कडवट माणूस होईन. सुनीताला त्या माणसाबरोबर दिवस काढावे लागतील. मला त्याची फार भीती वाटते.

आज रविवार आहे. ती ताटं मांडतेय. बसलो की म्हणणार आहे, "आज प्रार्थना मी करतो." आपल्या घरात याचा अर्थ काय, ते तिला पक्कं ठाऊक आहे. तिचा हात थांबेल. मग आभाराचे शब्द तोंडातून निघतील की नाही, सांगता येत नाही. पण मराठीतच म्हणेन. आणि नाही जमलं, तर परत म्हणेन. हा शब्द तुला.

तुझा,
शमू