सात देवी आणि एक जास्तीचं ताट

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, म्हणून आधीच सांगतो: हल्ली बाजव्याहून ड्यूटी आटपून आलो की मी जपानी चित्रमालिका बघतो. हसू नका. एका शाळकरी पोराच्या छातीत सूर्यदेवाच्या आरशाचा तुकडा रुततो, त्या तेजाच्या ओढीने देशोदेशीच्या सात देवी त्याच्या दोन खोल्यांत राहायला येतात, सातही त्याच्यावर भाळतात, आणि दर भागात कुठला तरी देव मारामारीला हजर. माझ्या लेकीची ही आवडती मालिका. ती आता पुण्यात असते आणि फोनवर माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोलते.

तुमचं मांडवीमागचं स्वयंपाकघर आठवतं. काकू पोळ्या लाटतायत, तुम्ही पाटावर, आणि मी ग्रंथातल्या प्रतिपक्षाची यथेच्छ टिंगल करतोय. तुम्ही माझ्यापुढचा चहा उचलून बाजूला ठेवता. “आधी त्याची बाजू मांड. अशी मांड, की तो इथे बसला असता तर त्याने मान डोलावली असती. मग खोड.” काकू म्हणतात, “अहो, चहा तरी पिऊ द्या त्याला.” “पूर्वपक्ष झाला की पिईल.” चहावर साय धरली, पण मला ते पटलं होतं. निदान तसं मी तेव्हा म्हणालो.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. त्यानंतर लेक जेवताना तीन ताटं घ्यायची, मग एक पुसून परत ठेवायची. मी म्हणायचो, “कोण पाहुणे येणारेत?” वाटायचं, हसली तर बरं वाटेल तिला. ती फोनवर मालिका लावायची. “बाबा, नववा भाग तरी बघा. नदीचा.” “सात बायका एका पोरामागे, हे कळायला नववा भाग कशाला?” न बघताच मी त्यावर विनोदी लेख लिहिला आणि मंडळाच्या गणेशोत्सवात वाचला. त्यात म्हटलं, आमच्या घरी तर आठव्या देवीचं ताटही मांडलेलं असतं. सभागृह खदखदून हसलं. ती तिसऱ्या रांगेत होती. घरी आलो तर बॅग भरत होती. “तुम्ही पाहिलं पण नव्हतं.” मी समजावायला लागलो, तर म्हणाली, “जवा दो ने, बाबा.” जाऊ द्या म्हणे. पोरगी गुजरातेत वाढलेली, पण माझ्याशी भांडायची ती मराठीतच, गुजरातीत गेली की दार बंद झालं समजायचं.

आता सगळे भाग पाहिलेत. दोष मला आधी दिसतात, पण तुमच्या क्रमाने जातो. लिहिणाऱ्याने पुराणं खरोखर वाचलीत. हरलेल्या देवाला इथे कुणी हिणवत नाही. तो पोरगा त्याची शस्त्रं धुऊन ठेवतो. नवव्या भागात तर मारामारीच नाही. आटलेल्या नदीची देवी ओट्यापाशी उभी राहून, एके काळी तिला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांसाठी वाट्या मांडते. ओढेही कधीच आटलेत. एकेक वाटी पुसून ती परत फळीवर ठेवते. कुणी काही विचारत नाही. पोरगा तिच्या हातात कोरडं फडकं देतो, एवढंच. तिथे मी भाग थांबवला, तो दोन दिवस पुढे लावला नाही.

आता दोष. समुद्र आणि मृत्यू ज्यांच्या ताब्यात, त्या देवींना पोराच्या डब्यात काय द्यायचं यावरून भांडण्यापलीकडे उद्योग नाही. शत्रूचे बाण इतके निवडक, की चिलखत फाटतं ते बायकांचंच. घाव उगारलेला असताना पाच-पाच मिनिटं वंशावळ सांगतात. ती खोड मात्र आपलीही आहे. हे सगळं मी न बघताच लिहिलं होतं आणि ते बरोबर निघालं. त्याचंच वाईट वाटतं.

हे खरं तर तिला लिहायचं. दोनदा बसलो, दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत विनोद आला. म्हणून हे पान तुमच्या पोथीत ठेवून देतो. एक राहिलं. ती सभेतून कधी उठली ते कळलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. तिलाही तेच सांगितलं. गुरुजी, ती उठताना मला दिसली होती. पुढच्या पानावर अजून एक हशा होता. मी पान उलटलं.