ओढा सतरा तारखेला थांबला

सातारा, २ फेब्रुवारी

प्रिय उत्कर्षा,

दोन वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. सांगलीचा पत्ता तुझ्या आईनं दिला. तिच्यावर रागावू नकोस.

भिवाईचा ओढा थांबला गं! सतरा जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास, दगडी पुलाखाली, अगदी आपण म्हटलं होतं तिथंच. आपल्या गणितानं चौदा ते वीसच्या मधली तारीख दिली होती. औंधखालच्या त्या तिन्ही वाड्यांची चाळीसेक माणसं पुलावर जमली होती. धार आधी करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी. तात्याबांनी एक वाळकं पान पाण्यावर टाकलं. ते जागचं हललं नाही. "थांबला रं, थांबला!" म्हातारा कुस्ती मारल्यासारखा ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओढा आटला म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं तू कधी पाहिलीस?

वाजवणारच की. कुठल्या टप्प्यात पाणी कधीपर्यंत वाहील, याचा नकाशा नोव्हेंबरातच मी वाडीवाडीत लावला होता. पुलाच्या वरच्यांनी कांदा केला, खालच्यांनी हरभरा. देवळाजवळचा डोह जनावरांसाठी राखला. तिथं कुणी मोटार टाकली नाही. आज हरभरा घाट्यांनी लगडलाय आणि डोहात म्हशी डुंबतायत. शालूबाई म्हणाल्या, "पयल्यांदाच ह्या दिसांत म्हसरं घिऊन रानोमाळ हिंडावं लागलं न्हाई बग."

हे जमलं ते वाळूमुळं. पुलाखालच्या वाळूत मी बारा पाईप पुरले आणि वर्षभर दर सोमवारी त्यांत दोरी सोडून पाणी किती खोल गेलंय ते मोजत राहिले. उन्हानं पाठ सोलून निघाली. विहिरी उतरायला लागल्या की ओढ्याचं पाणी वाळूखाली शिरतं. वर धार खळखळत असते, तेव्हाच खाली गळती सुरू झालेली असते. ही गळती गणितात घातली आणि लोकांच्या आठवणीतल्या मागच्या सगळ्या तारखा धडाधड जुळल्या. ऑफिसात मी एकटीच होते. उठून चक्क नाचले. आणि मग खाली बसून रडले.

कारण हे तूच म्हणाली होतीस. आधी वाळू मोज, मगच तारीख सांग, असं तू दोनदा बजावलंस. दोन वर्षांपूर्वी मला अहवालाची घाई होती. मी तुझं ऐकलं नाही, तारीख देऊन टाकली. त्यावर विसंबून लोकांनी कांदा लावला, ओढा एकोणीस दिवस आधीच आटला आणि पुलाखालचा सगळा कांदा करपला. देवळातल्या बैठकीत तात्याबांनी विचारलं, "ह्येचा जबाब कोन देनार?" मी मान खाली घालून बसले. तू मात्र उभी राहिलीस आणि म्हणालीस, चूक माझी आहे. दुसऱ्या दिवशी तू काम सोडलंस. मी तुला अडवलंसुद्धा नाही.

सतराला टाळ्या थांबल्यावर मी पुलाच्या कठड्याला धरून सगळ्यांना सांगितलं, की ती चूक उत्कर्षाची नव्हती, माझी होती. बरोबर होती ती तीच. मग तात्याबा म्हणाले, "मग त्या पोरीला घिऊन या की. ती बराबर हुती, ह्ये आमाला तिच्या तोंडावर बोलायचं हाय." येरळेला मिळणाऱ्या सगळ्या ओढ्यांचं काम आता आपल्याला मंजूर झालंय. प्रमुख म्हणून मी तुझं नाव घातलंय, तुला न विचारता. नको असेल तर खोडून टाक. पण पत्र त्यासाठी नाही लिहिलेलं. चाळीस माणसांसमोर जे बोलता आलं, ते तुला एकटीला सांगायचं राहिलं होतं. उत्कर्षा, माझं चुकलं. आता ये.

तुझीच,
वल्लरी