सातव्या खुंटीवरचा मग

मी, मॅव्हिस क्रॅबट्री, वय एकाहत्तर, विधवा, राहणार 'द ओल्ड शटल' या पबचा वरचा मजला, थॉर्नक्लफ, वेस्ट यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझा धंदा पाहता कोणी शंका काढेल, म्हणून नमूद करते की आज सकाळपासून मी फक्त दोन कप चहा घेतला आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सगळं माझा पुतण्या ग्रॅहम याच्या नावे होतं. ते मी रद्द करते.

१. 'द ओल्ड शटल' ही इमारत, तळघर आणि आतल्या सामानासकट, मी लोइस पिकल्स हिला देते. ती नऊ वर्षं माझ्याकडे गल्ल्यामागे उभी आहे. बिअरचं पिंप आलं की त्याला हात लावायचा नाही, एक दिवस गाळ खाली बसू द्यायचा, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. हा पब माझे पती टेड आणि मी १९८८ साली घेतला. कोणत्याही मोठ्या बिअर कंपनीचं मिंधेपण नको, हवी ती बिअर हव्या त्या भट्टीतून आणता यावी, एवढ्यासाठी आम्ही बावीस वर्षं हप्ते फेडले. लोइसनेही ते मिंधेपण पत्करू नये.

२. पुतण्या ग्रॅहम यास: या इमारतीत सहा फ्लॅट कसे बसतील त्याचा नकाशा तो टेडच्या अंत्यविधीच्या दिवशी काउंटरवर विसरून गेला होता. तो मी जपून ठेवला आहे. तो त्याला परत द्यावा. नकाशावर ग्लासांचे गोल डाग पडले आहेत, त्याबद्दल दिलगीर आहे.

३. बँकेतली शिल्लक तळघर थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या दुरुस्तीला वापरावी. ते यंत्र उन्हाळ्यात दगा देतं. टेडचा, पिंपाला तोटी ठोकायचा लाकडी हातोडा आणि चामडी एप्रन लोइसचा. हातोड्याचा दांडा सैल आहे.

४. बिअरच्या भावाबद्दल. हे कलम लांबणार आहे, वकिलाने नको म्हटलं तरी.

गेल्या नोव्हेंबरात मी साध्या कडू बिअरचा पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास, तीन पौंड नव्वदवरून चार पौंड साठ केला. विजेचं बिल दुप्पट झालं होतं, जवाचा भाव वाढला होता, कर वाढला होता. शनिवारी लीड्सहून सायकलवाले येतात, ते छोट्या भट्टीची गढूळ, संत्र्याच्या वासाची बिअर सहा पौंड ऐंशीला हसत घेतात आणि तिचे फोटो काढतात. त्यांच्यामुळेच दिवे लागतात. पण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस पब ज्यांचा असतो ते गढूळ बिअर पीत नाहीत. त्यांचे कथलाचे मग गल्ल्यावरच्या फळीला खुंट्यांवर टांगलेले असतात. बारा खुंट्या, बारा माणसं. ज्याचा मग खुंटीवर आहे तो पबचा माणूस. ज्याने आपला मग उतरवून घरी नेला, तो कायमचा गेला. असं कुठे लिहिलेलं नाही, पण गावात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे.

सातवी खुंटी नॉर्मन हेलिवेलची. गिरणीतला निवृत्त फिटर, वय एकोणऐंशी, पुलापलीकडे तिसऱ्या दारात एकटा राहायचा. रोज पाच वाजता यायचा, दोन पाइंट घ्यायचा, सात वाजता जायचा. तेवीस वर्षं.

त्या गुरुवारी त्याने फळ्यावरचा नवा भाव वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

"चार साठ? मॅव्हिस, म्हणजे ग्लास पण घरी न्यायचा का?"

"तुझा मग तुझाच आहे, नॉर्मन. बिअरचे पैसे सांगितलेत."

"टेड असता तर लाजला असता."

टेडचं नाव काढायला नको होतं. मी म्हणाले, "स्टेशनापाशी जा. दोन नव्वदला मिळते, खुर्च्याही मऊ आहेत. इथे तुला कोणी बांधून ठेवलेलं नाही."

स्टेशनापाशी एका मोठ्या साखळीचा पब आहे, तिथे सकाळी नऊपासून पितात. नॉर्मनने खुंटीवरून आपला मग काढला, कोटाच्या खिशात कोंबला आणि गेला. पबमध्ये अकरा माणसं होती. सगळ्यांनी आपापल्या ग्लासात बघितलं.

शनिवारी लोइस मला म्हणाली, "मॅव्हिस, मी जरा पुलापलीकडे जाऊन येऊ का? तो काल आलाच नाही."

मी म्हणाले, "रुसलाय. तहान लागली की येईल."

आम्ही सगळे समजत होतो की तो स्टेशनापाशी बसतो. तिथल्या लोकांना तो मुळात माहीतच नव्हता. इथे कोणी दोन दिवस दिसला नाही तर आम्ही लगेच त्याचं दार वाजवतो, आजवर चौघांना असं वेळेवर दवाखान्यात नेलं आहे. नॉर्मनचं दार कोणी वाजवलं नाही, कारण त्याचा मग खुंटीवर नव्हता.

नवव्या दिवशी लोइस मला न सांगता गेली. दार ढकललं तरी उघडेना, कारण तो दारामागेच पडला होता. अंगात कोट, डोक्याला टोपी. हाताशी दुकानाची पिशवी, पिशवीत त्याचा मग, घासून लख्ख केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वर्तमानपत्र शुक्रवारचं होतं. तो दुसऱ्याच दिवशी मग परत टांगायला निघाला होता. दाराच्या आतल्या पायरीवर घसरून कंबर मोडली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस जीव असावा.

म्हणजे मी 'तहान लागली की येईल' म्हणाले तेव्हा तो जिवंत होता.

मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. मी पिंपं बदलते, ग्लास धुते, हिशेब जुळतो. लोक म्हणतात मॅव्हिस खंबीर आहे. तसं काही नाही, मला काही जाणवतच नाही. चूक माझी होती, एवढं मात्र मला रोज पाच वाजता कळतं.

म्हणून लोइसवर घातलेली अट अशी: भाव वाढवायला लागले तर खुशाल वाढवावेत, पब बुडवून कोणाचं भलं होत नाही. पण एक साधी बिअर गढूळ बिअरच्या निम्म्या भावापेक्षा वर जाऊ नये. तोटा सायकलवाल्यांकडून भरून काढावा. आणि फळ्यावर नवा भाव लिहिण्याआधी बाराही जणांना तोंडी सांगावं. मी तसं केलं नाही.

५. नॉर्मनचा मग सातव्या खुंटीवर राहील. त्यातून कोणी पिणार नाही. तो दर सोमवारी घासावा.

६. कोणाचा मग खुंटीवर असो वा नसो, दोन दिवस माणूस दिसला नाही तर दार वाजवावं. तो रुसला असेल तर शिव्या देईल. त्या ऐकून यावं.

७. माझ्या अंत्यविधीला भाषणं नकोत. त्या दिवशी बिअर नेहमीच्याच भावाने विकावी. फुकट दिली की लोक अर्धा ग्लास टाकून जातात.

८. हे कलम मी मेल्यावर वाचून उपयोग नाही, म्हणून सही करण्यापूर्वी ते दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं आहे. मी वर एकटी राहते. पुढच्या दाराची कडी मी रोज साडेअकराला काढते. एखाद्या दिवशी बारापर्यंत कडी निघाली नाही, तर मॅव्हिस झोपली असेल, मॅव्हिस चिडली असेल, असं म्हणू नये. मागच्या दाराची किल्ली आजपासून साक्षीदार डेरेककडे दिली आहे. वाचून झाल्यावर डेरेकने विचारलं, "आणि तू खरंच चिडलेली असलीस तर?" मी म्हणाले, "तरी ये."

इथल्या कायद्याप्रमाणे ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून लोइसला पिंपं बघायला तळघरात पाठवलं आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

सही: मॅव्हिस क्रॅबट्री

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
१. डेरेक अँब्लर, निवृत्त पोस्टमन, खुंटी क्रमांक चार
२. जूडिथ फील्डन, ग्रंथपाल, खुंटी क्रमांक नऊ

स्थळ: 'द ओल्ड शटल', थॉर्नक्लफ
दिनांक: ११ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा. कडी अजून काढायची आहे.