एका तुळईवर दोन घरं

१६ मे १९५४, जळगाव
आखाजीच्या सणाला माहेरी पहूरला गेलेली सुमन आज पोरीला घेऊन परतली. दारातच माझं डोकं बांधलेलं बघून म्हणाली, "मी नसले की हे असं." स्वागत झालं.

भांडण धाब्याचं. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या दोन भगवानच्या. तो मोटारीवर ड्रायव्हर, धुळ्याकडचा. सोबत त्याची म्हातारी आई, अक्का. मधली भिंत एक, वर मातीचं सपाट धाबं एकच, त्याखालची तुळईही एकच. दर उन्हाळ्यात आम्ही दोघं मिळून वर खारी माती टाकतो, पाणी शिंपून चोपतो, उतार पन्हळीकडे काढतो. यंदा या शहाण्याने एकट्याने आपल्या अर्ध्यावर माती टाकली आणि मधोमध बांध घातला. पन्हळ त्याच्या बाजूला, म्हणजे पावसाळाभर तुंबलेलं पाणी माझ्या चुलीत. काल चढलो आणि फावड्याने बांध फोडला.

खालून ओरडला, "उतर खाले! मनं धाबं शे ते!"

उतरायला लागलो तर शिडी ओढली. ओट्यावर आपटलो. उठलो तो सरळ त्याच्या नरड्याला हात. त्याने माझा अंगठा चावला. हे लिहिताना ठणकतोय.

(पुढे त्याला नुसतं भ. लिहीन. जास्त शाई घालायची त्याची लायकी नाही.)

२० मे
घरमालक नाना धरणगावहून आले होते. मला बाजूला घेऊन, हळू आवाजात: "ज्याच्या डोक्यावरचं धाबं, त्याची जबाबदारी. माती भरपूर टाक, जितकी जास्त तितकं घर पक्कं. त्याला हात लावू देऊ नको." आयुष्यात पहिल्यांदा घरमालक माझ्या बाजूचा निघाला. गाडीभर माती सांगितली.

२५ मे
माझी गाडी पडली. संध्याकाळी भ.ची पण. बघूया कोण दमतो.

सुमन: "अहो, इतकी कशाला?" मी म्हटलं, तू स्वयंपाक बघ. कापसाच्या प्रेसमध्ये मी फिटर आहे, वजन-बिजन मला कळतं.

९ जून
वाईट झालं.

सकाळी दोघंही वर. त्याने माझ्या बाजूची माती ओढली, मी त्याची. मग ढकलाढकली. त्याने फावडं उगारलं, माझ्या खांद्याला पात्याची कड लागली, रक्त आलं. संतापाने घमेलं उचललं आणि फेकलं. तो वाकला. घमेलं अंगणात गेलं. अक्का तिथे उन्हात डाळ निवडत होती.

मनगट मोडलं. तिची किंकाळी अजून कानात आहे.

भ. वरून उडी मारूनच खाली गेला. आईला मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत म्हणाला, "तुनी मना मायना हात मोडा. मी तुले ह्याच घरमा गाडसू." त्याच्या तोंडातून थुंकी उडत होती. तो थट्टा करत नव्हता.

१० जून
चौकीवर दोघांनाही नेलं. जमादाराने दोघांनाही सारख्याच थपडा मारल्या, म्हणाला भाडेकरू आहात, समजुतीने राहा. परत येताना रस्त्यात भ.ने मला गटारात लोटलं. मी त्याचा सदरा फाडला. समजूत झाली.

अक्काला भेटायला जायचं होतं. गेलो नाही. जाऊन काय सांगणार?

१८ जुलै
दुपारी, भर पावसात, डोक्यावर फाटल्यासारखा आवाज. तुळईला भेग. आमच्या चुलीवरून निघून भिंतीत शिरते आणि पलीकडे त्याच्या खोलीत निघते. ओली खारी माती, दोघांच्या हट्टाची, सगळी त्या एका लाकडावर.

भ.ने त्याच्या खोलीत टेकू लावला. भेगेच्या बरोबर खाली. म्हणजे आमचं छप्पर आता त्याच्या टेकूवर.

२२ जुलै
भिंतीपलीकडून टेकूवर मुसळ ठोकतो. ठक. ठक. मग विचारतो, "यसवंत, काढू का रे?" पोरीच्या पाळण्यावर माती गळते. मी कुऱ्हाड घेऊन निघालो होतो. सुमनने दारात आडवं पडून अडवलं. तिला ओलांडून जावं असं क्षणभर वाटलं. लाज वाटली, राग गेला नाही.

जायचं म्हटलं तर कुठे? साऱ्या जळगावात खोली मिळत नाही. आणि भाडं वेळच्या वेळी देतो, मी का जाऊ? त्यानेच जावं.

८ ऑगस्ट
नाना आले. भेग बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला, मी पाहिला. "अरेरे! दोघंही खोल्या सोडा बाबांनो. उद्या पडलं तर माझ्यावर नको. भाडेकरू असताना पाडता येत नव्हतं, पण आपोआप पडलं तर मी काय करू?"

अक्का दाराशी बसली होती, हात झोळीत. म्हणाली, "नाना, माती गैरी टाक, यसवंतले हात लावू देऊ नको, आसं तूच भगवानले सांगं व्हतं ना?"

मी भ.कडे बघितलं. भ.ने माझ्याकडे. म्हटलं, "मलाही यांनी हेच सांगितलं, माती भरपूर टाक. शब्दही तेच."

पुढचं भराभर झालं. भ.ने नानांना गळ्याला धरून भिंतीवर आपटलं, मी दोन कानाखाली वाजवल्या. टोपी चिखलात. धोतर सावरत पळाले, कोर्टात खेचतो म्हणाले. खेचा. हाताची आग चांगली वाटत होती, खोटं कशाला लिहू.

मग अंगणात आम्ही दोघंच उरलो. तो आत गेला आणि कडी लावली.

९ ऑगस्ट
पहाटेपासून पाऊस. भेगेत आता बोट जातं. अक्काने आमच्या दाराशी येऊन सांगितलं, "आते माती उतारा. दोन्हीजन सोबत, दोन्ही अंगनी. एकनीच उतारी तं लाकूड फिरी जाई. मरी जासूत बठ्ठा." बरोबर आहे, एकाच बाजूचं वजन उतरलं तर तुळई फिरणारच. फिटरला हे आधी सुचायला हवं होतं.

मी तिच्या हाताकडे बघितलं. माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "माले नको सांगू. त्याले सांग."

त्याला सांगितलं. त्याने ऐकलं आणि शिडी आणायला गेला.

सुमन पोरीला घेऊन समोरच्यांच्या ओट्यावर बसलीय. अक्काही तिथेच. भ.ने शिडी लावलीय. अंगण निसरडं, खाली कोणीतरी धरल्याशिवाय चढता येणार नाही. त्याच्या दुसऱ्या हातात फावडं आहे.

"पहिले तू चढ," म्हणाला. "मी सिडी धरस."

चेहऱ्यावरून काही कळत नाही. पंचा घेऊन येतो म्हणून आत आलो आणि हे लिहितोय. त्याने परत हाक मारली, "यसवंत, चढस का नही?"

चढतो.