टाचणीखालची चिठ्ठी

तीर्थरूप आईस, इथूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आम्ही इथे किडे गोळा करून तपासतो ना, त्यातली एक माशी नवीन जात ठरली. पंखातली एक शीर अर्ध्यावरच संपते आणि मागच्या पायावर काळ्या केसांचा कंगवा आहे. अशी दुसरी कुठे नोंदलेली नाही.

ती सापडली माझ्याच खोलीत. आमचे म्हातारे सर आधी इथे राहायचे, इथेच तापाने गेले. माशी टाचणीला टोचून ठेवतात, त्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर ती सापडली ती खरी जागा लिहायची असते. मला लिहवेना. मी ‘जंगलाची कड’ लिहिलं. आता सगळे तिकडे शोधतायत, एकही मिळत नाही.

माझ्या काचेवर मात्र रोज सकाळी एक असते. खिडकी सताड उघडली तरी बाहेर जात नाही, सरांच्या खुर्चीवर जाऊन बसते.

बाबांना एवढंच सांग, खोली हवेशीर आहे.

तुझी धाकटी